धवलजल कयाकिंग (काळी नदी)

धवलजल कयाकिंग : खडकाळ, उताराच्या नदीपात्रातील फेसाळत्या प्रवाहातून अरुंद व वरून बंदिस्त नौका (कयाक) दुपाती वल्ह्याने, बहुधा एकट्याने, चालविण्याचा क्रीडाप्रकार. वेगवान प्रवाहात हवा मिसळून पाणी पांढरे दिसते, त्यावरून हे नाव पडले. बेळगावलगतच्या सीमाभागात या खेळास योग्य असा पट्टा काळी नदीवर, उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा (जुने नाव सुपा) तालुक्यात, गणेशगुडीपासून दांडेलीच्या दिशेने आहे. येथील पांढरे पाणी पावसाचे नसून सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले असते. बोलण्यात राफ्टिंग (हवा भरलेल्या तराफ्यातून गटाने जाणे) व कयाकिंग हे शब्द सरमिसळ वापरले जातात आणि धरणाच्या फुगवट्यातील संथ पाण्यावर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या उघड्या नौकांनाही कयाकच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत केवळ द्रुतवाहांतील, म्हणजे नदीच्या खडकाळ, वेगवान व फेसाळत्या टप्प्यांतील, कयाक अभिप्रेत आहे.

कयाक हा शब्द उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांच्या भाषेतून आलेला असून मूळ नौका लाकूड वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिकारीसाठी केली जाई. तिचे वय काही अभ्यासक सुमारे दोन हजार, तर काही चार हजार वर्षे मानतात. ग्रीनलंडमधील उत्खननांत मिळालेले अवशेष पाहता दुसऱ्या मताकडे झुकणे सयुक्तिक वाटते. उलटलेली नौका बाहेर न पडता पुन्हा सरळ करण्याची क्रिया, म्हणजे ‘रोल’, ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा याने १९२७ मध्ये शोधली असे अनेकदा लिहिले जाते. तथापि ग्रीनलंडमधील धर्मप्रसारकांच्या अठराव्या शतकातील वर्णनांत या क्रियेचे अनेक प्रकार आढळतात. पावलाटा हा ती आत्मसात करणारा पहिला युरोपीय, एवढेच म्हणता येते. हौशी नौकानयनाचा आरंभ जॉन मॅकग्रेगरच्या १८६५ मधील प्रवासापासून धरण्याची प्रथा असली, तरी वेगवान पाण्याच्या खेळाची खरी सुरुवात १९०५ च्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या आणि रेल्वेने डोंगरी नदीपर्यंत नेता येणाऱ्या घडीच्या नौकेपासून मानणे अधिक योग्य होय. स्लालमची, म्हणजे प्रवाहावर टांगलेल्या खांबांच्या दारांतून नौका वळवत नेण्याच्या शर्यतीची, पहिली स्पर्धा १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९७२ साली आला आणि दीर्घ खंडानंतर १९९२ पासून कायम झाला. १९९६ ची ऑलिंपिक स्लालम स्पर्धा अमेरिकेतील ओकोई या धरणनियंत्रित नदीवर सोडलेल्या पाण्यात झाली.

काळी नदी जोयडा तालुक्यातील डिग्गी परिसरात उगम पावते व सुमारे १८४ किमी. वाहून कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. पांढरी नदीच्या संगमावरील जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले. गणेशगुडी येथील सुपा धरण काँक्रीटचे, सुमारे १०१ मी. उंच व ३३२ मी. लांब असून १९८७ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे १४७ अब्ज घनफूट आहे. पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. परंतु पाणी सोडण्याचे वेळापत्रक समजण्यासाठी खालचा नागझरी वीजप्रकल्प ध्यानात घ्यावा लागतो. दांडेलीखालच्या बोम्मनहळ्ळी जलाशयातून बोगद्याने जाणारे पाणी नागझरीची सहा जनित्रे फिरवते आणि त्यांची एकत्रित क्षमता सुप्याच्या सुमारे नऊपट आहे. म्हणजे गणेशगुडीचा प्रवाह हा मुख्यतः नागझरीस पुरवठा करणारा वाहता दुवा असून नावाड्यास त्याचा लाभ वाटेत मिळतो.

प्रवाहाचे प्रमाण साध्या गणिताने अजमावता येते. ८० मी. उंचीवरून सेकंदास १०० घनमीटर पाणी पडल्यास, जनित्रसंचाची कार्यक्षमता ९० टक्के धरून, सुमारे ७० मेगावॅट वीज मिळते. अशी उंची धरल्यास एक ५० मेगावॅटचे जनित्र पूर्ण भाराने चालताना पात्रात सेकंदास ७० घनमीटरच्या आसपास पाणी येते आणि दोन्ही चालू झाल्यास ते दुप्पट होते. त्यामुळे एकाच द्रुतवाहाचे रूप तासाभरात पालटते : कमी पाण्यात उघडे असलेले कातळ बुडून काही लाटा पुसल्या जातात, तर काही ठिकाणी पूर्वी नसलेली उलटी लाट उभी राहते. द्रुतवाहांची काठिण्यश्रेणी (एक सर्वांत सोपी, सहा सर्वांत कठीण) अशा नदीवर प्रवाहाचा उल्लेख केल्याशिवाय अपुरी ठरते. गणेशगुडीचा पट्टा सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत धरतात.

सोडलेल्या पाण्याची वाढ पाण्याच्या कणांपेक्षा वेगाने, रुंद पात्रात साधारणपणे दीडपट वा किंचित अधिक गतीने, खाली सरकते ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या नौकेस मागून येणारा चढ गाठतो. उलट जनित्र बंद झाल्यानंतर ओसरही तसाच मागून येऊन नौका मध्येच उथळ कातळावर अडकू शकते. धरणावरील भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरापलीकडे गेलेल्याने काठावरील ओल्या खुणांवरूनच चढ-ओसर ओळखावा लागतो.

नैसर्गिक नदीत पांढरे पाणी जून ते सप्टेंबरमध्ये असते. सुप्याखाली हा क्रम उलटतो, कारण पावसाळ्यात जलाशय भरून घेतला जातो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की नदी वाहते. अलीकडे सौरऊर्जेचा वाटा वाढल्यामुळे जलविद्युत सकाळ-संध्याकाळच्या मागणीसाठी राखण्याकडे कल आहे व खेळाच्या दृष्टीने दिवसाचे पाणी त्यामुळे अनिश्चित होते. महाराष्ट्रात कोलाडजवळची कुंडलिका हेच तत्त्व दाखवते. तेथील प्रवाह भिरा वीजकेंद्रांतून बाहेर पडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. याउलट बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या मलप्रभेवर नविलुतीर्थ येथे सिंचनासाठी धरण असल्याने पाणी कालव्यांत जाते, पात्रात उरत नाही. घटप्रभेचा गोकाकचा सुमारे ५२ मीटरचा कडा नौकेच्या आवाक्याबाहेरचा आहे. खानापूरमध्येच उगम असलेल्या म्हादईवर मात्र पावसाळ्यातच, खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, राफ्टिंग चालते. वीजनिर्मितीचे धरण पात्राला पाणी देते आणि सिंचनाचे धरण ते काढून घेते, हा भेद सीमाभागातील नद्यांची तुलना करताना निर्णायक ठरतो.

धोके सर्वत्र समान असले, तरी नियंत्रित नदीत दोन विशेष आहेत. मोठे पूर थांबल्याने पात्रातील बेटांवर झाडोरा वाढतो आणि पाणी वाढले की त्यातून प्रवाह वाहू लागतो. फांद्यांच्या जाळीतून पाणी जाते, माणूस अडकतो. दुसरे म्हणजे बुटक्या बंधाऱ्याखालील फिरते पाणी, जे वरून निरुपद्रवी दिसते व पडलेल्यास पुनःपुन्हा आत ओढते. शिरस्त्राण, जीवरक्षक जाकीट, आसनाभोवतीचा जलरोधक पडदा व फेकदोरी ही साधने आवश्यक होत. प्रवाहात पडलेल्याने उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय कातळाच्या फटीत अडकल्यास गुडघाभर पाणीही माणसाला खाली दाबते. पाय पुढे व वर ठेवून पाठीवर वाहणे हितावह असते.

पट्टा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या (२०१५ पर्यंत दांडेली-अणशी) परिसरात असल्याने वनखात्याची परवानगी लागते. मार्गदर्शकांत स्थानिक मराठी व कोकणी भाषक तरुण आहेत. दांडेलीजवळच्या डोहांत मगरी असल्यामुळे नौकेचा प्रवास त्याआधीच संपवतात.