चिमूटभर कडू, वाटीभर गोड

दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे दहन झाले की गोव्यात घरोघरी तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडले जाते, त्याचा कडू रस जिभेला लावला जातो आणि मगच नारळाच्या रसातले गुळाचे पोहे ताटात येतात. त्या कडवटपणाचे मूळ काकडीवर्गीय फळांत आढळणाऱ्या कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांत आहे. रसाचा एक थेंब जिभेला लागला तरी चेहरा वेडावाकडा होतो. गुळाचा मात्र एक थेंब कोणाच्या लक्षातही येत नाही. पोहे गोड लागायला वाटीभर रसात गुळाचा चांगला मोठा खडा विरघळावा लागतो.

ही विषमता जिभेच्या रचनेतच आहे. गोड चव ओळखण्यासाठी माणसाच्या जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राही, म्हणजे चव टिपणारा घटक, असतो आणि तो दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. कडू चवीसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील आकड्यांनुसार, एक लिटर पाण्यात साखरेचा गोडवा जेमतेम जाणवण्यासाठी साधारण साडेतीन ग्रॅम साखर लागते, तर क्विनीन या हिवतापावरील औषधाचा कडूपणा जाणवण्यासाठी तीन मिलिग्रॅमपेक्षाही कमी क्विनीन पुरते. हे अंतर हजारपटीहून अधिक आहे. त्यामागचे कारण असे मानले जाते की वनस्पतींतील विषारी द्रव्ये नानाविध असतात आणि त्यांपैकी पुष्कळशी कडू लागतात. गोड फळ एखादे वेळी हुकले तर प्राणी उपाशी राहतो, परंतु विष ओळखण्यात चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही.

मनाचीही घडण अशीच आहे, हे मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत पुष्कळ पुराव्यांनिशी दाखवले आहे. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अनेक क्षेत्रांतील संशोधन एकत्र मांडून असा निष्कर्ष काढला की वाईट घटना, वाईट शब्द आणि वाईट अनुभव यांचा ठसा तितक्याच चांगल्या गोष्टींपेक्षा अधिक खोल उमटतो. स्टुअर्ट सोरोका आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह १७ देशांतील हजाराहून अधिक लोकांना बातम्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या हृदयाची लय आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजली. सरासरीने पाहता वाईट बातम्यांना शरीर अधिक जोराने प्रतिसाद देत होते. व्यक्तीव्यक्तींत मात्र मोठा फरक होता, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण हा कल सर्वांवर सारखाच लादलेला नाही, असा तिचा अर्थ होतो.

बातम्या किती वेळ पाहायच्या, हा प्रश्न आरोग्याचाही आहे. २०१३ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेतील संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांनी घटनास्थळाशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या लोकांपेक्षाही अधिक तीव्र मानसिक ताण नोंदवला. आधीच अस्वस्थ असलेली माणसे बातम्या अधिक पाहत असतील हे खरे, पण ज्यांनी हातात फोन धरून रात्र रात्र म्हादईच्या रानातील वणव्याची किंवा रस्त्यावरील अपघातांची दृश्ये पाहिली आहेत, त्यांना ही अवस्था अपरिचित नसेल.

मग गोडवा वाढवावा कसा? येथे पुन्हा जिभेचा अभ्यास उपयोगी पडतो. क्विनीनच्या द्रावणात साखर घातली की ते कमी कडू लागते, आणि हा परिणाम बऱ्याच अंशी जिभेवर नव्हे तर मेंदूत घडतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. पेल्यातले क्विनीन मात्र जेवढ्यास तेवढेच राहते. मनाला बरे वाटावे म्हणून समोर ठेवलेल्या केवळ गोडगोड मजकुराचे काम मला एवढेच वाटते. औषध घशाखाली उतरण्यापुरता त्याचा उपयोग आहे, आणि तो उपयोगही खरा आहे. एमन्स आणि मॅककलो यांच्या २००३ सालच्या प्रयोगात दहा आठवडे दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिणारे लोक, कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, येणाऱ्या आठवड्याकडे अधिक आशेने पाहू लागले होते. परंतु आशेसाठी त्याहून भक्कम असे काही लागते. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची जी मांडणी केली, तीत ध्येयाकडे नेणारे मार्ग दिसणे आणि त्या मार्गाने आपण चालू शकू असा विश्वास असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत.

असा मार्ग गोव्याने आखून दाखवला आहे आणि त्याची माहिती आपल्यातल्याच अनेकांना नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. भटक्या कुत्र्यांनी कोणाचा चावा घेतल्याची बातमी सर्वांपर्यंत पोहोचते, परंतु रेबीजने न झालेल्या मृत्यूची बातमी होऊ शकत नाही. २०१३ ते २०१९ या काळात राज्यात राबवलेल्या रेबीजविरोधी मोहिमेचा अहवाल २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. स्मार्टफोनवरील नकाशांच्या मदतीने पथके वाड्यावाड्यांवर जात होती, ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के कुत्र्यांपर्यंत संरक्षण पोहोचवले जात होते, आणि दरवर्षी दीड लाख मुलांना या रोगाविषयी शिकवले जात होते. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांतील मृत्यू थांबले. २०२१ साली गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. साखरेने क्विनीन झाकण्याचा हा प्रकार नव्हता; येथे पेल्यातले विषच कमी झाले. हे यश एका रात्रीत आलेले नसल्यामुळे त्याला ठळक मथळ्याचा एक दिवस असा मिळालाच नाही, आणि चांगल्या बदलांच्या बाबतीत बहुधा असेच घडते.

हे संरक्षण एकदा मिळाले की कायमचे टिकत नाही. दरवर्षी नवी पिल्ले जन्माला येतात, लस घेतलेली कुत्री मरतात, आणि लसीकरण थांबले तर सुरक्षित कुत्र्यांचे प्रमाण पुन्हा खाली येते. म्हणून कुत्रा चावल्याच्या प्रत्येक बातमीशेजारी चार ओळी नेमाने छापल्या जाव्यात असे मला वाटते: जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, विलंब न लावता आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टर सांगतील त्या लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात, रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो पण वेळीच घेतलेली लस तो टाळते, आणि आपल्या दारातल्या कुत्र्याला लस टोचून घेण्यासाठी पथक आले तर त्याला धरून देण्यास हातभार लावावा.