रात्रीचा बॅकअप ते दुपारचा बिघाड: मधल्या नोंदी कशा वाचवायच्या

आयबीएम आय (आयबीएमच्या, पूर्वी एएस/४०० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्या ग्राहकांसाठी रिमोट जर्नलिंगची माहिती

समजा, बॅकअप रात्री २ वाजता झाला आणि मशीन दुपारी ४ वाजता बंद पडले. टेपवरून सगळे परत आणले तरी मधल्या १४ तासांतल्या ऑर्डरी, पावत्या आणि मालाची आवक-जावक त्यात नसते. कागदावरून आलेले काम पुन्हा टाइप करता येईल. पण ऑर्डर फोनवर घेतली असेल किंवा दुसऱ्या संगणकाकडून थेट आली असेल, तर ती कशावरून टाइप करणार? हे माहितीपत्रक त्या १४ तासांसाठी आहे.

जर्नल काय करते

एखाद्या फाइलला जर्नलिंग लावले की तिच्यात रेकॉर्ड वाढला, बदलला किंवा काढला गेला, की प्रत्येक वेळी जर्नल रिसीव्हरमध्ये (नोंदी साठवण्याच्या जागेत) नोंद पडते. बदल कधी झाला, कोणत्या जॉबने (मशीनवर चालू असलेल्या कामाने), कोणत्या यूजरने आणि कोणत्या प्रोग्रॅमने केला, रेकॉर्डचा क्रमांक कोणता आणि बदलानंतर तो कसा दिसतो, हे सारे त्या नोंदीत असते. रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा लिहून काढता येते, तसेच इथे आहे: कालची टेप आणि त्यानंतरच्या नोंदी हातात असतील, तर फाइल हव्या त्या क्षणापर्यंत पुन्हा उभी करता येते.

इथे एक आग्रह आहे. जर्नलिंग सुरू करताना वेगळे काही सांगितले नाही, तर प्रणाली फक्त बदलानंतरचे रूप साठवते. आम्ही महत्त्वाच्या फाइलींसाठी आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही रूपे ठेवायला सांगतो. जागा थोडी जास्त लागते. पण चुकीच्या प्रोग्रॅमने हजारो दर बदलून टाकले, तर तेवढेच बदल मागे घेता येतात, टेपला हात न लावता.

जर्नल त्याच मशीनवर असेल, तर मशीनबरोबर तेही जाते. रिमोट जर्नलिंगची, म्हणजे नोंदी लगोलग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची, गरज नेमकी इथे पडते.

नोंदी दुसऱ्या मशीनवर कशा जातात

१९९८ साली व्ही४आर२ या आवृत्तीपासून ही सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आहे. त्याआधी रिप्लिकेशनचे (दुसऱ्या मशीनवर फाइलींची चालू प्रत ठेवणारे) सॉफ्टवेअर मुख्य मशीनवर जर्नल वाचायचे आणि नोंदी स्वतः पलीकडे पाठवायचे. त्यात मुख्य मशीनचा बराच वेळ खर्च व्हायचा. आता हे काम प्रणालीच्या अगदी खालच्या थरात होते, आणि नोंदी वाचण्याचा भार दुसऱ्या मशीनवर जातो. पलीकडचा रिसीव्हर मूळ रिसीव्हरची हुबेहूब प्रत असतो.

पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. सिंक्रोनस पद्धतीत नोंद दुसऱ्या मशीनच्या मेमरीत पोहोचल्याशिवाय तुमचा प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. असिंक्रोनस पद्धतीत प्रोग्रॅम थांबत नाही, नोंद मागोमाग जाते. त्यामुळे ऐन बिघाडाच्या क्षणी वाटेत असलेल्या शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात.

सिंक्रोनसच हवे, असे बहुतेक जण आधी म्हणतात. जरा हिशेब करू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दुसरे मशीन १०० किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन निदान १ मिलिसेकंद लागतो. मधल्या उपकरणांचा वेळ वेगळाच. एका ऑर्डरीला हे जाणवणारही नाही. पण रात्रीचा एखादा जॉब १० लाख रेकॉर्ड एकेक करून लिहीत असेल, तर नुसती वाट पाहण्यात १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे जातात. कमिटमेंट कंट्रोल (अनेक बदल एकत्र पक्के करण्याची सोय) वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदी गटाने जातात, म्हणून तिथे हा फटका पुष्कळ कमी बसतो. मशीन एकाच आवारात असतील तर सिंक्रोनस, लांब असतील तर असिंक्रोनस, असे आमचे साधारण मत आहे. मुख्य मशीनवर जर्नल कॅशिंग चालू असेल तर तेही सांगा. त्यात नोंदी आधी मेमरीत साठतात, आणि तेवढ्या उशिराने पलीकडे जातात.

लाइन किती लागेल, हे अंदाजाने ठरवू नका. सर्वांत धावपळीच्या तासाला रिसीव्हर किती वाढतात ते बघा. तासाला ९ जीबी वाढत असतील, तर फक्त या कामाला सेकंदाला २० मेगाबिट लागतात. महिनाअखेरीचा दिवस मोजा, सुटीच्या आदल्या दिवसाचा नको.

लाइन तुटली तर मुख्य मशीनचे काम सुरूच राहते आणि नोंदी तिथेच साठतात. प्रवाह पुन्हा सुरू केला की राहिलेल्या नोंदी आधी भरून निघतात. मात्र त्यासाठी ते रिसीव्हर जागेवर असायला हवेत. डिस्क भरत आली म्हणून कोणी ते काढून टाकले, तर साखळी तुटते आणि प्रत नव्याने घ्यावी लागते. प्रवाह बंद पडल्याचे कोणाच्या तरी लक्षात येईल, असेही धरून चालू नका. रोज सकाळी जर्नलची स्थिती बघणारा माणूस नेमा.

एवढ्यावर भागत नाही

पलीकडे नोंदी पोहोचल्या म्हणजे तिथल्या फाइली अद्ययावत झाल्या, असे नाही. नोंदी रिसीव्हरमध्ये पडून असतात; त्या वाचून प्रतीवर चढवण्याचे काम रिप्लिकेशनचे सॉफ्टवेअर करते. ते तुमच्याकडे नसेल तरी उपयोग आहेच: मुख्य मशीन दुरुस्त झाल्यावर टेप चढवायची, दुसऱ्या मशीनवरचे रिसीव्हर परत आणायचे आणि त्यातले बदल लावायचे. वेळ जास्त लागतो, पण दिवसाचे काम वाचते.

प्रोग्रॅम, यूजर प्रोफाइल आणि प्रिंटच्या रांगेतल्या स्पूल फाइली अशा जर्नलमधून जात नाहीत. त्यांची सोय वेगळी करावी लागते. आणि चुकून पुसलेला रेकॉर्ड पलीकडेही तितक्याच तत्परतेने पुसला जातो. म्हणून रात्रीचा बॅकअप बंद करू नका. त्या बॅकअपनंतरचे सगळे रिसीव्हरही स्वतंत्रपणे जपा.

दुसऱ्या मशीनवर एक दिवस खरेच काम करून बघा: यूजर लॉगइन होतात का, छपाई होते का, बाहेरच्या जोडण्या नव्या पत्त्यावर येतात का. यातले काहीच जर्नल सांगत नाही.

पहिल्या भेटीसाठी आम्हाला तीन गोष्टी हव्यात: महत्त्वाच्या लायब्रऱ्यांची (फाइली आणि प्रोग्रॅम ज्यांत ठेवतात त्या कप्प्यांची) यादी, मागच्या महिनाअखेरीच्या रिसीव्हरांचे आकार, आणि किती मिनिटांचे काम गमावले तर चालेल याचे तुमच्या हिशेब विभागाने दिलेले उत्तर. तिसरी गोष्ट संगणक विभागाने ठरवू नये. सिंक्रोनस की असिंक्रोनस, आणि खर्च किती, हे तिच्यावरच अवलंबून आहे.