तीव्रता घटली म्हणजे धूर घटला असं नाही

"भारताचं कार्बन उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटलं" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही, कारण त्यातला एक शब्द गाळलेला असतो. तीव्रता. २००५ ते २०१९ मध्ये घटली ती उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागे निघणारा धूर. एकूण उत्सर्जन, म्हणजे वर्षभरात हवेत गेलेले टन, ते त्याच काळात वाढलंय.

गाडीचं घ्या ना. जुनी गाडी लिटरला ४० द्यायची, महिन्याचं रनिंग ४०० किलोमीटर, म्हणजे १० लिटर पेट्रोल. नवी घेतली, ६० चं ॲव्हरेज, पण ऑफिस लांब गेलं आणि रनिंग ९०० वर पोचलं, की झालं १५ लिटर. ॲव्हरेज सुधारलं हे खरं आणि पंपावर जास्त पैसे जातात हेही खरं. तीव्रता म्हणजे ॲव्हरेज, एकूण उत्सर्जन म्हणजे टाकीत ओतलेलं पेट्रोल.

आपलं टार्गेट आहे २०३० पर्यंत तीव्रता २००५ पेक्षा ४५ टक्के कमी करायची. समजा तोवर अर्थव्यवस्था २००५ च्या तिप्पट झाली, तर ३ गुणिले ०.५५, म्हणजे उत्सर्जन ६५ टक्के वाढलेलं असेल आणि तरी टार्गेट पूर्ण! आयटी-बँकांची कमाई वाढली, एलईडी आले, सोलर आलं म्हणून रुपयामागचा धूर कमी झाला, पण एसी, सिमेंट, स्टील सगळंच वाढलं आणि कोळशाचं उत्पादन २००५-०६ च्या साधारण ४० कोटी टनांवरून २०२४-२५ मध्ये १०० कोटींच्या वर गेलं.

चीनची तीव्रता २००५ ते २०२० मध्ये ४८.४ टक्के घटली, आणि त्याच काळात तो अमेरिकेला मागे टाकून उत्सर्जनात जगात पहिला आला. एकूण उत्सर्जनच कमी करायचं टार्गेट त्यांनी पहिल्यांदा दिलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये: २०३५ पर्यंत शिखरापेक्षा, म्हणजे उत्सर्जनाच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा, ७ ते १० टक्के कमी.

तीव्रता हे खोटं माप आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपल्याकडे माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि ज्या घरात पहिला फ्रिज अजून यायचाय त्यांना वापर कमी करा म्हणणं हा सरळ अन्याय आहे, त्यामुळे आत्ता आपल्याला तीव्रतेचंच टार्गेट योग्य वाटतं मला. फक्त त्याला उत्सर्जन घटलं म्हणू नका. पुढच्या वेळी आकडा दिसला की शेजारी काय लिहिलंय ते बघा, जीडीपी असेल तर ते ॲव्हरेज, टन असतील तर पेट्रोल.