रिपोर्टमधल्या रंगाला नाव कसं मिळालं

हिंजवडीतल्या एका प्रोजेक्टमध्ये क्लायंटच्या लोगोचा केशरी रंग आम्ही चाळीसेक रिपोर्टांत हाताने भरला होता: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. वर्षभरात लोगो बदलला आणि एकेक हेडर, एकेक पट्टी उघडून तो आकडा शोधत बसावं लागलं. रंग एकदाच ठरवायचा, त्याला नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नाव वापरायचं, ही सोय आता बऱ्याच रिपोर्ट डिझायनरांत, म्हणजे रिपोर्टची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरांत आहे. ती यायला मात्र बराच काळ गेला.

छपाईवाल्यांना ही गोष्ट फार आधी उमगली होती. पुण्यात १८७८ साली निघालेल्या चित्रशाळा छापखान्याची देवादिकांची चित्रं रंगीत शिळाछापाची. या पद्धतीत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो. तांबडा बदलायचा तर त्या दगडावरची शाई बदलायची, बाकी चित्राला हात लावायचा नाही. पुढे १९६३ साली अमेरिकेत पँटोन या कंपनीने छटांना क्रमांक दिले, आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकाला पुण्यातल्या प्रेसला नुसता क्रमांक कळवून रंग सांगता येऊ लागला.

संगणकावर गाडी उलटी गेली. विंडोज ३.१ मध्ये, १९९२ साली, रंग निवडायची तयार चौकट मिळाली. वर ४८ ठरलेले रंग, खाली आपल्यासाठी १६ रिकामी घरं. पण घरांना नावं नाहीत, आणि ती चौकट स्वतः काही लक्षातही ठेवत नाही. ते १६ आकडे जपून ठेवायचं काम ती उघडणाऱ्या प्रोग्रामचं. त्याने ते केलं नाही की प्रोग्राम बंद होताच घरं पुन्हा रिकामी. त्यात विंडोजच्या हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाने लिहिलेल्या) रंगसंख्येत निळा आधी आणि लाल शेवटी, तर वेबवर लाल आधी. वेबवरचा रंगाचा कोड तसाच उचलून व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत टाकला की २५५-१५३-५१ चं ५१-१५३-२५५ होतं. आमची केशरी पट्टी एकदा अशीच आकाशी होऊन आली आणि कारण सापडायला अख्खी दुपार गेली.

एक्सेल २००३ पर्यंत प्रत्येक वर्कबुकला ५६ रंगांचा स्वतःचा संच असे. सेल रंग नव्हे, त्या संचातला क्रमांक लक्षात ठेवी, म्हणून शीट दुसऱ्या वर्कबुकमध्ये नेली की रंग पालटत. खरं वळण २००७ चं. थीम, म्हणजे नावं दिलेल्या रंगांचा संच, आली आणि सेल त्यातलं ‘अ‍ॅक्सेंट १’ असं नाव लक्षात ठेवू लागला. थीम बदला, सगळे सेल बदलतात. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हाच सर्वांत मोठा टप्पा.

रिपोर्टच्या साधनांत बर्ट या सॉफ्टवेअरने २००५ च्या सुमारास वेबच्या सीएसएससारख्या (वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या नियमांसारख्या) स्टाइल आणि अनेक रिपोर्टांना जोडता येणारी लायब्ररी, म्हणजे सामायिक फाइल आणली. जास्पर या दुसऱ्या साधनात स्टाइल टेम्प्लेटची वेगळी फाइल असते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये २०१७ पासून रंगसंच जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून रिपोर्टला लावता येतो.

आता उरतो प्रश्न नावाचा. आम्ही लायब्ररीत पहिलं नाव ‘केशरी’ दिलं होतं. नवा लोगो हिरवा निघाला. तेव्हापासून नावं कामावरून देतो: ‘हेडर-पट्टी’, ‘एकूण-ओळ’, ‘थकबाकी’.