उलटीची गोळी आणि पोटातले बाळ

दिवस गेल्यावर पहिले तीन महिने बहुतेक स्त्रियांना मळमळते, काहींच्या पोटात तर पाण्याचा घोटही ठरत नाही, आणि तरीही ‘या दिवसांत गोळी नको’ असे बजावणारे कुणीतरी घरात असतेच. ही भीती निराधार नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले थॅलिडोमाइड झोपेसाठी आणि मळमळीसाठी गरोदर स्त्रियांनीही घेतले, आणि त्यातून जगभरात सुमारे दहा हजार बाळे हातापायांची गंभीर व्यंगे घेऊन जन्माला आली.

मात्र त्या धसक्यात पुढे एका चांगल्या औषधाचाही बळी गेला. अमेरिकेत १९५६ पासून गरोदरपणातल्या मळमळ-उलटीवरची ‘बेन्डेक्टिन’ ही गोळी मिळत असे. तिच्यातले मुख्य घटक दोन: अ‍ॅलर्जीवरील औषधांच्या गटातले डॉक्सिलामाइन आणि ‘ब-६’ जीवनसत्त्व, म्हणजेच पायरिडॉक्सिन. औषध घ्या किंवा न घ्या, दर शंभर बाळांपैकी साधारण तिघांत काहीतरी मोठे जन्मजात व्यंग आढळतेच; त्यामुळे लाखो गरोदर स्त्रिया जी गोळी घेतात, ती घेतलेल्या हजारो मातांच्या बाळांत केवळ योगायोगानेही व्यंग दिसणार, हे उघड आहे. खटल्यांची रीघ लागली आणि अभ्यासांत दोष सिद्ध होत नसतानाही कंपनीने १९८३ मध्ये उत्पादन थांबवले. त्यानंतर व्यंगांचे प्रमाण कमी झाले नाही. वाढल्या त्या असह्य उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर स्त्रिया. कॅनडात हीच जोडी वापरात राहिली, अमेरिकेत तिला २०१३ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली, आणि आपल्याकडेही डॉक्टर बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात. तिच्या काही गोळ्यांचे आवरण उशिरा विरघळते, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा गुण सकाळी येतो. झोप येणे हा तिचा नेहमीचा त्रास.

ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील सुमारे १८ लाख गर्भारपणांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात, पहिल्या तिमाहीत हे औषध घेतल्यास दर दहा हजार बाळांमागे ओठ किंवा टाळू दुभंगलेली सुमारे तीन बाळे अधिक आढळली. हृदयाच्या व्यंगांत मात्र वाढ दिसली नाही. ‘धोका वाढतो’ एवढेच ऐकले की काळजाचा ठोका चुकतो, पण दहा हजारांत तीन हा आकडा समोर ठेवला म्हणजे निर्णय शांतपणे घेता येतो. अशा वेळी आधी इतर औषधे वापरून पाहावीत आणि त्यांनी भागले नाही तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने हे घ्यावे, ही सावध वाट मला योग्य वाटते. घरात उरलेली गोळी मनाने घेणे मात्र सर्वस्वी चूक.

गोळी टाळली की धोका टळला, हा समज तितकाच घातक आहे. लघवी गडद आणि कमी होऊ लागली, चोवीस तास काहीच पोटात टिकले नाही किंवा वजन भराभर उतरू लागले, तर ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून वाट पाहत बसू नये. कित्येक दिवस उलट्या सुरू राहिल्यास शरीरातले ‘ब-१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत जाते, आणि त्या अवस्थेत नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मातेच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णेला ग्लुकोज देण्याआधी थायमिन दिले जाते.