चौदा वर्षांत आठ मीटर

१०.७४, १०.९९, ११.३४, ११.६७. शंभर मीटर धावायला लागलेले हे सेकंद. पहिला आकडा वयाच्या छत्तिसाव्या वर्षीचा, दुसरा चाळिसाव्या, तिसरा शेहेचाळिसाव्या आणि चौथा चक्क पन्नासाव्या. चारही एकाच बाईचे. जमैकात १९६० साली जन्मलेल्या मर्लिन ऑटीचे.

छत्तिशीतली ऑटी आणि पन्नाशीतली ऑटी एकाच शर्यतीत धावल्या असत्या, तर पहिली रेषेवर पोचताना दुसरी साधारण आठ मीटर मागे असती. चौदा वर्षांचं वय म्हणजे आठ मीटर! बहुतेक स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराचे वेगवान धावपटू, तिशी ओलांडता ओलांडता बूट खुंटीला टांगतात. ऑटीची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ मात्र छत्तिसाव्या वर्षी आली.

वय झालं की वेग कमी होतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नकोत. पण नेमकं काय कमी होतं? वेगाचे दोन घटक : पावलाची लांबी आणि सेकंदाला पडणारी पावलं. वयस्कर स्प्रिंटरांच्या अभ्यासांत दिसतं ते असं, की पावलं पडण्याची गती बरीचशी टिकते. आखडत जातं ते पाऊल. पूर्ण वेगात तरबेज धावपटूचा पाय जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो, तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीत घालायचा असतो. ते काम मुख्यतः जलद स्नायुतंतूंचं, आणि वयाबरोबर आधी रोडावतात तेही हेच. मंद तंतू बिचारे पुष्कळ वर्षं साथ देतात, म्हणून साठीतही मॅरेथॉन धावणारे भेटतात. ताकद उरते, पण ती झटक्यात बाहेर पडत नाही. पाय जमिनीवर किंचित जास्त रेंगाळतो आणि पाऊल तोकडं पडतं. यावर त्यातल्या त्यात उपाय म्हणजे जड वजनं, उड्या आणि पूर्ण वेगातला सराव. नुसत्या जॉगिंगने हे तंतू जागे राहत नाहीत.

ऑटीचं दुखणं मात्र वयापेक्षा सेंटिमीटरचं होतं. १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत तिची आणि अमेरिकेच्या गेल डीव्हर्सची वेळ सारखीच, १०.८२. तीन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुन्हा दोघी १०.९४. दोन्ही वेळा फोटो फिनिश पाहून सुवर्ण डीव्हर्सला मिळालं. अशा छायाचित्रात डोकं, हात, पाय काही मोजत नाहीत. धड रेषेला कधी लागलं तेवढंच बघतात. सेकंदाला दहा मीटरच्या वेगात एक हजारांश सेकंद म्हणजे अवघा एक सेंटिमीटर. पी. टी. उषाचं १९८४ च्या ऑलिंपिकमधलं कांस्य एका शतांश सेकंदाने हुकलं, ती चुटपुट आपल्याकडे अजून लागून आहे. त्याच लॉस एंजेलिसमध्ये ऑटीने दोन कांस्यपदकं घेतली होती. सात ऑलिंपिक, नऊ पदकं, त्यांत तीन रौप्य, सहा कांस्य आणि सुवर्ण एकही नाही. नववं पदक तर २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधल्या शंभर मीटरच्या शर्यतीनंतर नऊ वर्षांनी पदरात पडलं, कारण पहिल्या आलेल्या मॅरियन जोन्सने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली होती. १९९९ मध्ये ऑटीही नँड्रोलोन या उत्तेजकाच्या चाचणीत अडकली होती. पुढच्या वर्षी ती त्यातून मुक्त झाली.

पुढे तिने स्लोव्हेनियाचं नागरिकत्व घेतलं आणि २००४ चं अथेन्स ऑलिंपिक त्याच देशाकडून खेळली. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या युरोपीय स्पर्धेत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, रिलेचा शेवटचा टप्पा तिच्याकडे होता. या टप्प्यात ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, उसळी घ्यावी लागत नाही. बॅटन हातात येतो तेव्हा पाय आधीच पळत असतात.