सेमिनरी हिल्सचा चढ आणि गारठलेली बॅटरी

डिसेंबरातल्या त्या सकाळी नागपुरात पारा 8 अंशांवर होता. माझी ई-सायकल रात्रभर अंगणात उभी, बॅटरीसकट. निघताना मीटरवर पाचही कांड्या होत्या. सेमिनरी हिल्सच्या चढाला लागलो तशा त्या भराभर तीनवर आल्या, आणि चढ संपून सपाट रस्ता लागला तर पुन्हा चार! वाटेत बॅटरी कोणी भरली नव्हती. मग हे झालं कसं?

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड आणि मधे द्राव असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन त्या द्रावातून जाऊन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात, सायकल चालताना परत फिरतात. गारठ्यात हा द्राव खोबरेल तेलासारखा थिजत नाही, पण मधासारखा दाटतो. आयनांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. चढावर मोटर जास्त करंट मागते तेव्हा व्होल्टेज दबतं, आणि साधं मीटर व्होल्टेज बघूनच कांड्या दाखवतं. भार कमी झाला की व्होल्टेज वर येतं. वीज आतच असते, फक्त ती लवकर बाहेर येत नाही.

नागपुरात हे एवढ्यावरच थांबतं. जिथे पारा उणे 20 वर जातो तिथे एका चार्जिंगमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. बॅटरी उबेत आली की ही ताकद बहुतेक परत मिळते. उणे 10 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 13 टक्के दाट असते, त्यामुळे वारा कापायलाही जास्त जोर लागतो.

तरी लोक चालवतात. फिनलंडमधलं ओउलू शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा खाली आहे, आणि हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली तिथेच भरली. अशा गावांत टायरला धातूचे खिळे असतात, आणि बॅटरी काढून घरात नेतात. हे दुसरं काम फार महत्त्वाचं. शून्याखाली चार्जिंग केलं तर आयन ग्रॅफाइटमध्ये शिरायच्या आधीच पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. ते नुकसान भरून येत नाही, आणि पुढे आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका राहतो. म्हणून बॅटरी आधी खोलीत तासन्‌तास ठेवायची, मगच चार्जर लावायचा.

चालवणाऱ्याचं काय? मोटर मदतीला असली की पाय कमी राबतात, अंग तापत नाही, वारा मात्र तेवढाच लागतो. 10 अंशांत ताशी 25 किलोमीटर वेगाने गेलं तर 7 अंशांसारखं वाटतं. बोटं आधी बधिर होतात आणि ब्रेक बोटांनीच दाबायचा असतो. हातमोज्यांत काटकसर करू नका.

डिसेंबर 2018 मध्ये नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, तोही शून्याच्या वरच. म्हणून शेजारच्या काकू विचारतात, "थंडीत ही बंद पडते म्हणे?" तेव्हा मी नाही म्हणतो. मला काळजी मे महिन्याची वाटते. 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंश नोंदले गेले. ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो उष्णतेत जाड होत जातो आणि लिथियम त्यात कायमचं अडकतं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी लवकर.

उन्हाळ्यात माझी बॅटरी आतल्या खोलीत असते, कूलरच्या झोतापासून दूर, ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरलेली.